रॉवेलांच्या तळ्यातले काळपट्टे

बर्फाच्या पेटीत त्रेचाळीस मासे होते. लॅमर थिगपेनने ते दोनदा मोजले. चौतीस निळकल्ले, आठ रुंदतोंडे, आणि एक असा की त्याचे तोंड रुंदतोंड्याचे आणि कल्ल्यावरचा काळा ठिपका निळकल्ल्याचा. त्याला नेमके काय म्हणावे हे लॅमरला ठरवता येईना. सगळ्यांत मोठा निळकल्ल्या साडेआठ इंच भरला. हे सगळे एका सकाळी, एकाच तळ्यातून, खुर्चीवरून न उठता.

"झालं का मोजून?" डॉयल रॉवेलने विचारले. तो पिकअपच्या मागच्या फळीवर बसून डब्यातले सॉसेज बोटाने काढून खारट बिस्किटावर ठेवत होता. "टपालखात्यातून सुटलास तरी सवय जात नाही. आता एकेकावर शिक्का मार आणि घरोघर वाटून ये."

लॅमर हसला नाही. त्याने ओठाच्या कोपऱ्यातून फुंकर मारून डोळ्यांसमोरची चिलटे उडवली आणि विचारले, "हे आले कुठून?"

"आकाशातून पडले." डॉयलने हात पुसले. इतके दिवस पोटात दाबून ठेवलेली गोष्ट आता त्याला धरवेना. "अरे लेका, मी आणले! गेल्या वर्षी एप्रिलात, डॉक्टरने तुझा गुडघा कापला तेव्हा. नदीवर तर तुला उतरता येईना. म्हटलं, हे तळं आहे, अगदी काठापर्यंत गाडी येते, फक्त आत खायच्या लायकीचा मासा नाही, एवढीच खोट. मोठ्या मंगूरांच्या गळाला लावायला मी जिवंत निळकल्ले पाळतो ना, त्या जुन्या फ्रीजरमध्ये, त्यातले निवडून निवडून आणले. वर्षभर तोंडाला कुलूप लावलं होतं. वाढदिवसाच्या शुभेच्छा, म्हाताऱ्या!"

"किती सोडलेस?"

"एकतीस. आणि वर हे काळे रुंदतोंडे, दहाएक. ते काय, वर फुकट दिले."

लॅमर पाण्याकडे वळला. एकतीस सोडले, चौतीस आज निघाले, म्हणजे निदान काही तरी इथेच जन्मलेले. उन्हाळ्यात त्यांनी अंडी घातली, पिल्ले वाढली, आणि आता मे महिन्याच्या पुनवेला पुन्हा घरटी घातली होती. ती काठावरून दिसत होती. चहाच्या रंगाच्या पाण्याखाली, कमळपानांच्या अलीकडे, वाळूतले गोल गोल पांढरे खळगे. लॅमरने तेही मोजले. एकोणचाळीस.

"आवडलं नाही का तुला?" डॉयलने विचारले.

"आवडलं," लॅमर म्हणाला. "खूप आवडलं."

लॅमरने एकतीस वर्षे खेड्यापाड्यांतल्या पेट्यांत टपाल टाकले होते. त्या फिरतीत जॉर्जियाच्या दक्षिणेतला एकेक ओढा, एकेक ओहोळ त्याला ठाऊक झाला. त्याच्या वहीत सनफिशच्या, म्हणजे निळकल्ले-रुंदतोंड्यांच्या, कुळातले चौदा प्रकार होते. नदीच्या वाळूवरचा लालपोट्या होता, गोगलगायी कडकड फोडून खाणारा शंखफोड्या होता, दलदलीतला चिखल्या होता. प्रत्येकापुढे तारीख, पाणी, लांबी आणि पाठीच्या परातल्या काट्यांची संख्या. तांदळाएवढ्या गळाला किड्याचा तुकडा लावून तो ते पकडायचा, दोन काचांमधल्या अरुंद पेटीत पाणी घालून त्यात मासा ठेवायचा, पट्टीशी ताडून पाहायचा आणि सोडून द्यायचा. गावात त्याची चेष्टा व्हायची. जे कढईत पडत नाही त्याला इकडे कुणी मासा म्हणत नाही.

चौदावा त्याला तीन वर्षांपूर्वी, बायको आयनेझ गेली त्यानंतरच्या मे महिन्यात, याच तळ्यात मिळाला होता. अंगठ्याएवढा. अंगावर सहा उभे काळे पट्टे, पहिला थेट डोळ्यातून गेलेला. पाठीच्या पराचा पुढचा भाग काळा आणि त्याला लागून शेंदरी कड. शेपटी गोल, विड्याचे पान कडेने कातरावे तशी. काळपट्ट्या. आजूबाजूच्या तीन जिल्ह्यांत तो आता कुणाला दिसत नव्हता. या तळ्यात तो टिकला होता, कारण तळ्याला ना ओढा मिळत होता ना नदीचा पूर पोचत होता, आणि त्याला खाईल असे मोठ्या तोंडाचे कुणी आत आलेच नव्हते. दर महिन्याला लॅमर येऊन बसे आणि मोजे. सर्वांत चांगल्या दिवशी कमळपानांच्या कडेला त्याने सव्वीस मोजले होते. गुडघा कापल्यापासून मात्र वर्षभर त्याचे येणे झाले नव्हते.

आणि हे त्याने कुणाला सांगितले नव्हते. तळे डॉयलच्या मालकीचे, त्याच्या पाइनच्या रानातले, तरी डॉयललाही नाही. इकडचा रिवाजच तसा. लॅमरचा बाप म्हणायचा, पाद्र्याला पाप सांगावं, पण जागा सांगू नये. खुद्द डॉयलने नदीवरची शंखफोड्यांची जागा चाळीस वर्षांच्या मैत्रीत लॅमरला दाखवली नव्हती, आणि लॅमरने कधी विचारलीही नव्हती. विचारणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणे.

घरी आल्यावर त्याने वहीत लपवलेला एक जुना कागद काढला आणि त्यावरच्या क्रमांकावर फोन लावला. तीन वर्षांपूर्वी त्याने काळपट्ट्याचे छायाचित्र वन्यजीव कार्यालयातल्या एका बाईंना पाठवले होते, जागा न लिहिता. त्यांनी दोनदा पत्र लिहून जागा विचारली होती. त्याने दोन्ही पत्रांना उत्तर दिले नव्हते.

"मिस जोएला," तो म्हणाला, "मी लॅमर थिगपेन. तो सहा पट्ट्यांचा मासा. जागा सांगायला फोन केलाय."

"मिस्टर लॅमर, मला वाटलं तुम्ही वारलात."

"नाही अजून."

"मग आजच कशी आठवण झाली?"

त्याने सगळे सांगितले. निळकल्ले किती, रुंदतोंडे किती, घरटी किती. बाई मधे मधे फक्त आकडे पुन्हा विचारत होत्या.

"औषध टाकून तेवढे निळकल्ले मारता येत नाहीत का?"

"औषध टाकलं तर सगळेच मरतात."

"पाणी उपसलं तर?"

"तरी सगळेच."

"मी गळाने काढतो. रोज काढतो. मला दुसरं काम नाही."

"मोठे निघतील तुमच्या गळाला. पण एकेका घरट्यात हजारो अंडी असतात. तुम्ही एकोणचाळीस म्हणताय." त्यांनी आवाज खाली आणला. "मी तुम्हाला खोटी आशा लावत नाही, मिस्टर लॅमर. ते तळं गेलं. आता जे काळपट्टे उरले असतील ते बाहेर काढायचे, एवढंच. आमच्या मत्स्यकेंद्रात एक टाकी रिकामी आहे. पण कमीत कमी दहा लागतात. त्याहून कमी माशांवर पैदास सुरू करत नाहीत, नात्यानात्यातच वंश वाढतो आणि खुरटतो."

"नऊ सापडले तर?"

"तर मी वर फोन करीन, आणि ते नाही म्हणतील."

"मग त्या नवांचं काय?"

"जिथले तिथे सोडायचे. आमचा परवाना फक्त पैदाशीसाठी न्यायचा आहे." कागद चाळल्याचा आवाज आला. "मी गुरुवारी सकाळी येते. पुढच्या आठवड्यात ऊन चढेल. पाणी तीस अंशांच्या वर गेलं की हे मासे गाडीतून नेताना मरतात, त्यामुळे दुसरी खेप होणार नाही."

तो सोमवार होता. मंगळवारी दिवस उगवताच लॅमर आमिषाच्या रातकिड्यांची नळी घेऊन तळ्यावर गेला. दुपारपर्यंत त्याने अठ्ठावन्न काढले. गुडघा सुजला, बोटांना काटे टोचून टोचून रक्त आले. मासा गळाला लागायला एक मिनिटही लागत नव्हते, आणि तेच भयंकर होते. पाऊस थांबवायला वाटीने पाणी उपसावे तसे ते काम होते.

अकराच्या सुमाराला डॉयल उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन आला. लॅमरला मासे काढताना पाहून तो इतका खूश झाला की खुर्चीही न मांडता गळ टाकून मोकळा झाला.

"बघ! कालपासून माणसात आलास. संध्याकाळी आपण यांची—" त्याने एक लहानगा काढला, तळहातावर तोलला आणि पाण्यात भिरकावला. "जा बाळा, मोठा होऊन ये."

"टाकू नकोस!" लॅमर ओरडला.

डॉयल दचकला. "दोन इंचाचं पोर आहे ते. माझ्या बापाने बघितलं असतं तर काठीने झोडपलं असतं. लहान मासा ठेवायचा नाही, हे तुला मी शिकवू?"

"परत टाकू नकोस, डॉयल. एकही परत टाकू नकोस."

"अरे, पण का?"

लॅमरने गळ खाली ठेवला. जागा सांगायची नाही, हे त्याच्या हाडात इतके मुरले होते की आताही, सांगून काही बिघडणार नव्हते तेव्हाही, शब्द बाहेर पडेनात. शेवटी त्याने वही काढून काळपट्ट्याचे पान उघडले आणि डॉयलच्या हातात दिली. डॉयलने चष्मा शोधला. त्याने तारखा वाचल्या. सव्वीस. एकवीस. चोवीस. सहा पट्ट्यांचे पेन्सिलीने काढलेले चित्र पाहिले.

"हे इथे होतं?"

"फक्त इथे."

"माझ्या तळ्यात?"

"हो."

"आणि तू मला बोलला नाहीस?"

"जागा होती ना," लॅमर म्हणाला.

डॉयल वही मिटून काठावर बसला. शेंगांची पिशवी त्याच्या मांडीवर ओली होत होती. "तुला सांगू," तो म्हणाला, "आयनेझ गेल्यापासून तू इथे येऊन बसायचास. मी रस्त्यावरून जाताना बघायचो. मला ठाऊक, या तळ्यात काही नाही, आणि हा बाबा तासन् तास रिकाम्या पाण्यात गळ टाकून बसलाय. मी कुणाला बोललो नाही. म्हटलं, दुःखाने याचं डोकं फिरलंय. म्हणून तर मी..." त्याने वाक्य सोडून दिले. "तू मला नुसतं सांगायचं होतंस. मी तळ्याला कुंपण घातलं असतं. कुत्रा बांधला असता."

"तूही मला सांगायचं होतंस."

"वाढदिवस होता ना तुझा!"

एक रुंदतोंड्या पानाखालून वर आला आणि पाण्यावरचे काहीतरी गट्ट करून गेला.

एकाएकी डॉयल उठून उभा राहिला. "बास मासे सोडू! माझा मेव्हणा देतो, त्याच्या शेततळ्यात ढीग पडलेत. दहा मोठे बास. एका उन्हाळ्यात ही पिल्लावळ साफ करतील. बघच तू."

"आणि बास दुसरं काय खातील, डॉयल?"

डॉयल खाली बसला, रातकिड्याची नळी हलवून एक किडा काढला आणि गळाला लावला. त्यानंतर त्याने एकही मासा परत टाकला नाही. सूर्य पाइनच्या मागे जाईपर्यंत दोघांनी मिळून एकशे बारा काढले. घरट्यांवर नर तसेच फिरत होते. एक काढला की तासाभरात त्याच खळग्यावर दुसरा येऊन शेपटीने वाळू झाडू लागे.

बुधवारी डॉयल वाळू खरवडायला बायकोचे फावडे घेऊन छातीएवढ्या पाण्यात शिरला आणि घरटी मोडू लागला. लॅमर काठावरून त्याला दिशा सांगत होता. "डावीकडे. अजून डावीकडे. तिथे मगर बसते, जपून." गढूळ उसळलेल्या पाण्यात पुढचे खळगे दिसेनासे झाले आणि एकविसाव्या घरट्यावर डॉयलला थांबावे लागले. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या विजारीला चिकटलेल्या पाणवनस्पतीत दोन पिल्ले फडफडत होती. दोघांनाही पट्टे होते. डॉयल आनंदाने ओरडला.

"शेपटी बघ," लॅमर म्हणाला. "लहानपणी निळकल्ल्यांनाही पट्टे असतात. काळपट्ट्याची शेपटी गोल. याची कशी आहे?"

डॉयलने पिल्लू डोळ्यांजवळ धरले. "मधे खाच आहे."

"निळकल्ल्या."

गुरुवारी सातला मिस जोएला रेनफ्रो आल्या. तिशीच्या, उंच, गुडघ्याच्या वर रबरी विजार, हातात लांब दांड्याची जाळी आणि पांढऱ्या परातीसारखी दोन तसराळी. गाडीत हवेची नळी सोडलेली मोठी पाण्याची टाकी गुरगुरत होती. लॅमरने त्या टाकीकडे पाहिले. तिच्यात दोनशेही मावले असते.

"पद्धत साधी आहे," त्या म्हणाल्या. "काठाकाठाने शंभर खेपा. प्रत्येक खेपेला जाळी वनस्पतीखाली सरकवायची, एक मीटर ओढायची, तसराळ्यात उलटी करायची, मोजायचं, लिहायचं. चांगली जागा निवडायची नाही, वाईट सोडायची नाही."

"मिस," डॉयल म्हणाला, "हे तळं माझं आहे. जाळी मी ओढतो. माझ्यामुळेच झालंय."

जोएलांनी लॅमरकडे पाहिले. लॅमरने मान डोलावली.

डॉयल ओढायचा, लॅमर तसराळ्यावर वाकून मोजायचा, बाई लिहायच्या. पहिल्या खेपेत निळकल्ल्याची पिल्ले नऊ. दुसरीत चार. तिसरीत चौदा आणि एक रुंदतोंड्या. दहा खेपा झाल्या, वीस झाल्या.

"पट्टे!" डॉयल ओरडे.

"शेपटी?" लॅमर विचारी.

"...खाच."

तिसाव्या खेपेपर्यंत हे इतक्या वेळा झाले की डॉयलने ओरडायचे सोडले. जाळी उलटी केली की तो आधी शेपटीच बघायचा आणि पुटपुटायचा, खाच, खाच, खाच. पन्नासाव्या खेपेला बाईंनी पाण्यात तापमापक बुडवला. सव्वीस पूर्णांक आठ. साठाव्या खेपेला एक रुंदतोंड्या निघाला, पोट टम्म फुगलेले. लॅमरने त्याच्याकडे नको तितका वेळ पाहिले आणि तो वेगळ्या बादलीत टाकला.

एकाहत्तराव्या खेपेला तसराळ्यातल्या गवताखालून काहीतरी निघाले आणि कडेला जाऊन स्थिर उभे राहिले. पिल्ले पळत होती. हा पळत नव्हता. डॉयलने शेपटी पाहिली. मग त्याने पुन्हा पाहिली. त्याने लॅमरचे मनगट धरले.

लॅमरने ओल्या हाताने त्याला काचेच्या अरुंद पेटीत घेतले आणि उन्हाकडे धरले. काळा पर, शेंदरी कड. डोळ्यातून गेलेला पट्टा.

"एक आहे म्हणजे आहेत!" डॉयल म्हणाला. "एकटा कुठून असेल? आणखी नऊ. नऊ म्हणजे काय मोठं?" तो पाण्यात शिरला तो जवळजवळ धावतच.

पुढच्या एकोणतीस खेपा त्याने अशा ओढल्या की जाळीची कड दोनदा सुटली आणि बाईंना ती तारेने बांधावी लागली. शंभर झाल्या. डॉयल कमरेएवढ्या पाण्यात धापा टाकत उभा होता.

"शंभर झाल्या, मिस्टर डॉयल."

"त्या पलीकडच्या कोपऱ्यात गेलोच नाही आपण."

"गेलोय. चव्वेचाळीस ते बावन्न."

"मग पुन्हा जाऊ. मिस, तुम्ही फक्त लिहा. मी ओढतो."

जोएलांनी घड्याळ पाहिले, मग लॅमरकडे पाहिले. लॅमर पेटीतल्या माशाकडे बघत होता. बाईंनी कागद उलटला आणि मागच्या बाजूला नवे रकाने आखले. "पाणी तिसावर जाईपर्यंत," त्या म्हणाल्या.

एकशे दहा. एकशे वीस. लॅमरचा गुडघा वाकेना, तेव्हा तो पाय पसरून बसूनच मोजू लागला. एकशे चाळीसाव्या खेपेनंतर डॉयल काठाला टेकला आणि जाळी लॅमरकडे दिली. लॅमर पाण्यात उतरला. बाईंनी त्याला थांबवले नाही. आता डॉयल तसराळ्यावर वाकला होता, बोटाने एकेक शेपटी उलगडत.

"खाच," तो म्हणत होता. "खाच. खाच. हा... नाही, खाच."

एकच्या सुमाराला बाईंनी तापमापक वर काढला आणि पेन खाली ठेवले. मग ते पुन्हा उचलले आणि पेटीला पट्टी लावून शेवटची ओळ लिहिली. लॅमरने ती त्यांच्या खांद्यावरून वाचली.

एकूण खेपा एकशे साठ. पाण्याचे तापमान तीस पूर्णांक दोन. निळकल्ल्याची पिल्ले एक हजार सत्तावीस. रुंदतोंडे त्रेसष्ट. काळपट्टे: एक. लांबी एकोणपन्नास मिलिमीटर, पाठीचे काटे दहा, शेपटी गोल.